भुयार कुणाचं, गाडी कुणाची

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला इथं मेट्रोवर बोलायला सांगितलंय. निरोप आला तेव्हा आमच्या टोळीतले चारदोन जण हसले. म्हणाले, हा इंजिनेर कधी झाला? मी इंजिनेर नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. तेही कंत्राटी. जहाजातून पोलादाची कॉइल उतरते तेव्हा तिला स्लिंग लावणाऱ्यांतला मी एक. रात्री उरलेल्या वेळात कविता लिहितो. पण गोदीत एक गोष्ट शिकलो. ओझं कुठून कुठं जातं, ते उचलतं कोण, आणि त्याचं भाडं कुणाच्या खिशात पडतं, हा हिशेब. तोच हिशेब आज मी मेट्रोला लावणार आहे.

मेट्रो म्हणजे कुठली? मुंबईत आता बऱ्याच झाल्यात. मी बोलणार आहे तिसऱ्या मार्गावर. कफ परेड ते आरे. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. त्यातली २६ जमिनीच्या पोटात, एकटं आरे तेवढं वर. ती तीन तुकड्यांत उघडली. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये, बीकेसी ते आचार्य अत्रे चौक मे २०२५ मध्ये, आणि तिथून कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. तिन्ही वेळा हार होते, फिती होत्या, कॅमेरे होते.

आता आकडा ऐका. २०१३ साली दिल्लीच्या मंत्रिमंडळानं हा मार्ग मंजूर केला तेव्हा खर्च धरला होता २३ हजार १३६ कोटी. तो गेला ३७ हजार २७६ कोटींवर. भागाकार मी घरी करून आणलाय. एका किलोमीटरला अकराशे कोटींच्या वर. एका मीटरला एक कोटी अकरा लाख. म्हणजे त्या भुयारात तुम्ही एक लांब ढांग टाकली की कोटभर रुपये मागं पडले. यातला मोठा हिस्सा जपानकडून घेतलेलं कर्ज आहे. कर्ज सरकार काढतं, फेडतो कोण? साबणाच्या वडीवर कर देणारा प्रत्येक माणूस फेडतो. तुम्ही फेडता, मी फेडतो. तेव्हा "ही आपली गाडी नाही, आपल्याला काय त्याचं" असं म्हणून हात झटकायचा हक्क आपल्याला नाही. पैसे भरलेत. माल बघून घ्यायचा.

आधी जरा मागं जाऊ. कारण रेल्वे आपल्याकडं आली तेव्हापासून एकच रीत चालत आलीय.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला. शाळेच्या पुस्तकात ती आहे. साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, २१ तोफांची सलामी. पाहुण्यांचा आकडा इतिहासानं ठेवला. रूळ टाकणाऱ्यांचा आकडा कुठाय? पुढं बोरघाट फोडला. पंचवीस बोगदे. तिथं पटकीनं, तापानं, सुरुंगानं, दरड कोसळून हजारो मजूर मेले. घाट चालू झाला १८६३ मध्ये.

आणि त्याच १८६३ मध्ये, १० जानेवारीला, लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. कोळशाचं इंजिन, भुयारात धूर. रस्ता खोदायचा, खाली रूळ टाकायचे, वर छत घालून परत रस्ता करायचा, अशी ती बांधली. आणि वाटेत जे आले ते कोण होते? लंडनचे गरीब. फ्लीट नदीच्या खोऱ्यातल्या दाटीच्या वस्त्या पाडल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. घरमालकाला पैसे मिळाले, भाडेकरू हात हलवत गेला. म्हणजे बघा, तिथं गोरा गरीब आणि इथं काळा गरीब, एकाच साली एकाच रुळाखाली आला. मी हे अशासाठी सांगतोय की मेट्रो आली म्हणजे नवं युग आलं, असं जे आपल्याला सांगितलं जातं त्याच्या मागचं युग फार जुनं आहे.

मुंबईत आपल्यासारख्यांची गाडी कुठली होती? ट्राम. १८७४ मध्ये घोड्यांची आली, १९०७ मध्ये विजेची झाली. गिरणीवाला, गोदीवाला, हमाल तिला लोंबकळत होता. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली आणि रूळ उखडले. मग उरली लोकल. आमची हार्बर लाईन कुर्ला ते रे रोड अशी १९१० मध्ये सुरू झाली. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली ती याच हार्बरवर, व्हीटी ते कुर्ला. गोदीच्या कडेनं. आज तिच्या डब्यात सकाळी आठला उभं राहून दाखवा.

लोकलनं या शहराला पोसलं आणि लोकलनंच खाल्लं. दर वर्षी दोन हजारांच्या वर माणसं मुंबईच्या रुळांवर मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी डब्यातून पडून. म्हणून मी मेट्रोच्या विरोधात बोलायला आलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. जिचे दरवाजे बंद होतात अशी गाडी आपल्याला पाहिजे. जिच्यात हवा लागते, जिच्यात बाईला धक्के खावे लागत नाहीत, अशी गाडी आपल्याला पाहिजेच. मॉलमध्ये जाणाऱ्याला ती जितकी पाहिजे त्याच्यापेक्षा बारा तास उभं राहून आलेल्याला जास्त पाहिजे. माझं भांडण गाडीशी नाही. ती कशी आली, कुणावरून आली आणि आत बसतं कोण, याच्याशी आहे.

२००४ मध्ये मुंबईच्या मेट्रोचा मोठा आराखडा आला. १४६ किलोमीटरचा. पहिली लाईन वर्सोवा ते घाटकोपर, खांबावरची. २००६ मध्ये पायाभरणी झाली, गाडी धावली ८ जून २०१४ ला. ११.४ किलोमीटरला आठ वर्षं. खाजगी भांडवलातून केली. करारात भाडं होतं ९ ते १३ रुपये. गाडी सुरू झाली आणि भाडं झालं १० ते ४०. कोर्टकचेऱ्या झाल्या, चाळीस राहिले. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं भाड्यावर यायचंय.

आता भुयार कसं खणतात ते सांगतो. कारण त्याच्यातच खरी गोष्ट आहे.

रस्त्यात एक मोठी विहीर खणतात. तिच्यातून एक राक्षसी यंत्र तुकड्यातुकड्यांनी खाली सोडतात आणि तळाशी जोडतात. साडेसहा मीटरच्या आसपास व्यासाचं लोखंडी डोकं. त्यावर पोलादी चकत्या. डोकं फिरतं, चकत्या काळा कातळ भरडतात, चुरा मागच्या पट्ट्यावरून बाहेर येतो. यंत्राच्या पाठीशी काँक्रिटचे वळणदार तुकडे जोडून एक कडं पुरं करतात. मग यंत्र त्याच कड्याला पाय लावून पुढं रेटतं. परत कडं, परत रेटा. येणाऱ्या गाडीचं एक भुयार, जाणाऱ्या गाडीचं दुसरं. धारावी आणि बीकेसीच्या मधे तर हे भुयार मिठी नदीच्या खालून गेलंय. वर नदी, खाली रेल्वे. माणसाच्या डोक्याला आणि हाताला मी इथं सलाम करतो. खोटं कशाला बोलू?

अशी १७ यंत्रं होती. ४२ वेळा ती एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाला कातळ फोडून बाहेर आली. पहिल्यांदा सप्टेंबर २०१८ मध्ये, विमानतळाच्या टी-२ ला. शेवटची, बेचाळिसावी वेळ नोव्हेंबर २०२२ मध्ये, महालक्ष्मीला. त्या यंत्रांना नावं ठेवली होती. गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा, सूर्या, तापी. महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं. "गोदावरी बाहेर आली" अशी बातमी छापून आली, फोटो आला.

आणि गोदावरीच्या पोटात जे होते त्यांची नावं? बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओरिसा. एवढंच. माझ्या खोलीच्या पलीकडं झारखंडचा एक पोरगा भाड्यानं राहायचा. भुयारात कडी जोडायच्या टोळीत होता. म्हणायचा, खाली दिवस आणि रात्र एकच असते भाई. पाळी संपली की वर येऊन आभाळ बघायचं, मग कळायचं सकाळ आहे का संध्याकाळ. भुयार झालं, काम संपलं, तो दुसऱ्या शहरात दुसऱ्या भुयारात गेला. गाडी सुरू झाली तेव्हा तो इथं नव्हता. आपण खणलेल्या भुयारातून तो एकदाही बसून गेला नाही. यंत्राला नदीचं नाव आणि माणसाला गळ्यात नंबर. ही आपल्या देशाची रीत. देवळाच्या पायरीला दगड फोडायचा आपण आणि पायरीच्या खाली उभं राहायचंही आपण. तीच रीत इथं तिकीटखिडकीपर्यंत आली.

आता झोपेची गोष्ट सांगतो. २०१७ मध्ये कफ परेडला रात्रीचं खोदकाम चालायचं. आवाजानं तिथल्या रहिवाशांची झोप मोडली. ते हायकोर्टात गेले. कोर्टानं रात्री दहा ते सकाळी सहा काम बंद ठेवायला लावलं. पुढं काही महिन्यांनी परवानगी मिळाली, पण तेवढे महिने यंत्रं रात्रीची गप्प बसली. मला त्यांचा राग नाही. झोप माणसाचा हक्क आहे. पण एक विचारतो. त्याच खड्ड्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये जे मजूर झोपत होते, त्यांच्या झोपेसाठी कोण कोर्टात गेलं? मुंबईत रात्री कुठं काय वाजतं, याची तक्रार करायलाही आधी पक्की भिंत लागते. पत्र्याला कोर्टाचा पत्ता माहीत नसतो.

झाडांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. आरेत गाड्यांची कारशेड करायची ठरली. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. तरुण पोरंपोरी धावत गेली. २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवली, तोपर्यंत २ हजार १४१ झाडं आडवी झाली होती. मग सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. परत सरकार बदललं, २०२२ मध्ये परत आरेत आलं. एप्रिल २०२३ मध्ये, दिलेल्या परवानगीपेक्षा जास्त झाडं तोडू पाहिली म्हणून सुप्रीम कोर्टानं मेट्रो कॉर्पोरेशनला दहा लाखांचा दंड ठोठावला.

झाडांसाठी जे रस्त्यावर झोपले त्यांच्याशी माझी दोस्ती आहे. पण त्या झाडांच्या आधी तिथून माणसं उठली होती. प्रजापूरपाडा. आदिवासींचा पाडा. भाजी लावायची, झऱ्याचं पाणी प्यायचं, देव झाडाखाली. २०१७ च्या सुमाराला पाडा हटवला आणि माणसं चकाल्याच्या इमारतींत कोंबली. लिफ्ट दिली, संडास दिला, दिवाबत्ती दिली. वाडी घेतली. झाड पडताना शहर जागं झालं. पाडा पडताना शहर झोपलं होतं. झाड आणि वारली वेगळे काढायचेच कशाला? जंगल म्हणजे दोन्ही.

गिरगाव-काळबादेवीला वेगळं घडलं. तिथल्या चाळींतले भाडेकरू भांडले, बैठका घेतल्या, मोर्चे काढले. तिथल्यांना तिथंच घर, असं सरकारकडून वदवून घेतलं. चाळीत एकी होती, वकील होते, वर्तमानपत्रात ओळखीचा माणूस होता. पाड्यात एकी होती, बाकी काही नव्हतं. हा फरक पाठ करा. बाजू खरी असली म्हणून घर वाचतंच असं नाही. आपली बाजू कागदावर कोण मांडतं, त्यावर ते वाचतं.

आता स्टेशनांची नावं वाचा. महालक्ष्मी, सिद्धिविनायक, शीतलादेवी. विधान भवन. जगन्नाथ शंकरशेट, ज्यांचा आपल्या पहिल्या रेल्वेच्या उभारणीत वाटा होता. आचार्य अत्रे. हुतात्मा चौक. या हुतात्म्यांत कामगार होते, म्हणून तेवढ्या स्टेशनावर मी थांबतो. बाकी ही लाईन महालक्ष्मीपासून दादरपर्यंत कुणाच्या पोटाखालून जाते? गिरणगावाच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात होते. संप मोडला, गिरण्या गेल्या, जमिनीवर टॉवर आले. कामगार गेला विरारला, बदलापूरला, पनवेलला. गेली चाळीस वर्षं त्या माणसाला गाडी पाहिजे होती तेव्हा भुयार नव्हतं. तो उठून गेला, त्याच्या जागी कोटीचे फ्लॅट उभे राहिले, आणि मग त्याच्या चुलीच्या बरोबर खालून थंडगार गाडी आली. गाडी माणसाच्या मागं जात नाही, जमिनीच्या भावामागं जाते. गाडी आली की भाव आणखी वर, भाव वर गेला की उरलासुरला चाळकरीही बाहेर. धारावीलाही या लाईनचं स्टेशन आहे. धारावीच्या पोरांनो, तुमच्या नावाचं स्टेशन झालं म्हणून खूश होऊ नका. स्टेशनाचं नाव राहतं. वस्ती राहते का, ते बघा.

आता मी जिथं यायचं ठरवून आलो तिथं येतो.

या शहरात जमिनीखाली उतरणं नवं नाही. मेट्रोच्या आधी शंभर-दीडशे वर्षं या शहराच्या खाली माणूस उतरतोच आहे. गटारात. मॅनहोलचं झाकण काढायचं, कमरेला दोरी बांधायची, आणि खाली. तो माणूस कुठल्या जातीचा, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कितीजणांचे बाप, काके, मामे ते काम करत आले. १९९३ मध्ये हातानं मैला उपसण्यावर बंदीचा कायदा झाला. २०१३ मध्ये दुसरा, आणखी कडक झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं. ते २०२३ मध्ये तीस लाख केले. आणि कायदा होऊनसुद्धा या शहरात माणसं मॅनहोलमध्ये, टाक्यांत गुदमरून मेली. प्रत्येक वेळी उत्तर ठरलेलं. यंत्र आत जात नाही. गल्ली अरुंद आहे. कंत्राटदारानं परस्पर पाठवलं. तो आपणहून उतरला.

यंत्र आत जात नाही! साडेसहा मीटरचं डोकं नदीच्या खालून जातं. विमानतळाच्या खालून जातं. शंभर वर्षांच्या इमारतींच्या पायाखालून जातं आणि वर भिंतीला तडा जाऊ नये म्हणून जागोजाग मोजमापाची यंत्रं बसवतात. आत हवेचे मोठे नळ, दिवे, टेलिफोन. इतकं सगळं या शहराला जमतं. आणि दोन फुटाच्या गटारात यंत्र जात नाही?

यंत्र जातं, दोस्तांनो. पाठवायचं नसतं. भुयारात यंत्र गेलं कारण तिथून साहेबाला जायचंय. गटारात माणूस गेला कारण तिथून साहेबाची घाण जायचीय. तिसऱ्या मेट्रोनं मला एवढं शिकवलं. आजपर्यंत ते म्हणायचे, पैसा नाही, तंत्र नाही, आपला देश गरीब. आता म्हणायची सोय राहिली नाही. ३७ हजार कोटींचा पुरावा जमिनीखाली गाडलेला आहे. रोज धावतोय. इथून पुढं या शहरात एक जरी माणूस गटारात मेला तर तो गरिबीनं मेला असं कुणी म्हणू नये. त्याला ठरवून मारला.

पाण्याचीही तीच गोष्ट. २६ मे २०२५ ला पहिलाच मोठा पाऊस झाला आणि आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. उद्घाटन होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. देशभर बोंब झाली, खुलासे झाले, स्टेशन बंद ठेवून साफ केलं. चांगलं केलं. पण आमच्या खोल्यांत दर पावसाळ्यात पाणी शिरतं तेव्हा खुलासा कोण करतो? आम्ही पीठ माळ्यावर ठेवतो, पोरं खाटेवर ठेवतो, आणि सकाळी पाळीला जातो.

आता भाडं. तिसऱ्या मार्गाचं तिकीट १० पासून ७० रुपयांपर्यंत. समजा एक बाई या टोकाहून त्या टोकाला कामाला जाते. जायचे सत्तर, यायचे सत्तर. दिवसाला १४०. महिन्याचे २६ दिवस. ३ हजार ६४० रुपये. धुणीभांडी करणाऱ्या बाईची ती एका घरची, दोन घरची कमाई. लोकलनं चर्चगेट ते अंधेरी सेकंड क्लासचं तिकीट दहा रुपये. मग ती कशात बसणार? तिला कुणी अडवत नाही. दारावर पाटी नाही. पूर्वी पाणवठ्यावर माणूस उभा राहून हाकलायचा, आता तिकिटाचं दार न बोलता बंद राहतं. आणि ते दार जात विचारत नाही म्हणून आपले शिकलेले लोक त्याला समता म्हणतात.

ते म्हणतील, एवढा खर्च झालाय, भाडं लागणारच. त्यांना लंडनची गोष्ट सांगा. चार्ल्स पिअर्सन नावाचा वकील होता. गरिबाला कोंदट वस्तीतून बाहेर, हवेशीर जागी राहता यावं आणि कामाला शहरात येता यावं म्हणून त्यानं भुयारी रेल्वेचा पिच्छा पुरवला. गाडी सुरू व्हायच्या चार महिने आधी तो वारला. पण १८६४ मध्ये त्याच लाईनवर पहाटेच्या कामगार गाड्या सुरू झाल्या. कमी भाड्याच्या. आणि १८८३ मध्ये तिथल्या पार्लमेंटानं कायदाच केला की रेल्वे कंपन्यांनी कामगारांसाठी स्वस्त गाड्या चालवल्या पाहिजेत. राणीच्या राज्यात, भांडवलशाहीच्या घरात, दीडशे वर्षांपूर्वी कामगाराचं वेगळं तिकीट होतं. आपल्याकडं राज्यघटना आहे. मग आपण कमी का मागायचं?

आता हे सगळं मी आजच का बोलतोय? कारण पुढची लाईन आपल्या अंगणात येतेय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अकराव्या मार्गाला मंजुरी दिली. आणिक डेपो, वडाळा ते गेटवे ऑफ इंडिया. साडेसतरा किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून. खर्च २३ हजार ४८७ कोटी. शिवडी, भायखळा, नागपाडा, भेंडीबाजार. आमचा पूर्व किनारा. गोदीची जमीन, गोदामं, आणि त्या गोदामांच्या कडेनं दोन-तीन पिढ्या राहिलेली आमची माणसं. गोदीत माल कमी झाला, कायम कामगार कमी झाला, जमीन तेवढी राहिली. तिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे. गिरणगावात जे झालं ते इथं व्हायच्या आधी आपण जागं झालं पाहिजे. तिथं गाडी माणसं गेल्यावर आली. इथं गाडी आली तरी माणसं राहिली पाहिजेत.

भाषणं पुष्कळ झाली. काम सांगतो.

पहिलं. नकाशा मिळवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. स्टेशनाचा खड्डा कुठं पडणार, रस्ता कुठला बंद होणार, हे आपल्याला खड्डा पडायच्या आधी कळलं पाहिजे.

दुसरं. घरं मोजा. त्यांचा सर्व्हे येण्याआधी आपला सर्व्हे झाला पाहिजे. कोण कधीपासून राहतं, कागद काय आहे, भाड्यानं कोण राहतं. भाडेकरूचं नाव आधी लिहा. तोच हात हलवत जातो. आणि मागणी एकच, जिथल्या तिथं घर. गिरगावाला जे वदवून घेता येतं ते शिवडीलाही आलं पाहिजे.

तिसरं. कामगाराचं तिकीट. घरकामवाली, सफाईवाला, हमाल, कंत्राटी, सगळ्यांना कमी भाड्याचा महिन्याचा पास. नुसत्या अकराव्या मार्गावर नाही, सगळ्या मार्गांवर. घोषणा नको, आकडे घेऊन जायचं. वर मी हिशेब मांडलाय तसा प्रत्येकानं आपल्या घरचा मांडा.

चौथं. भुयारात उतरणाऱ्या मजुरांकडं जा. ते मराठी बोलत नाहीत म्हणून ते परके नाहीत. त्यांच्या शेडमध्ये पाणी आहे का, संडास आहे का, पाळी किती तासांची, जखमी झाला तर कुणाला कळवतात, हे विचारा. आणि लाईन सुरू होईल त्या दिवशी स्टेशनाच्या भिंतीवर त्यांची नावं लागली पाहिजेत, ही मागणी आत्तापासून लावून धरा. मंत्र्याच्या नावाच्या संगमरवराला जागा सापडते, यांनाही सापडेल.

पाचवं. गटाराचं यंत्र. ही मागणी मेट्रोच्या मागण्यांतच घालायची, वेगळी ठेवायची नाही. जमिनीखालचा हिशेब एकच आहे. या शहरात जमिनीखाली जाणारा प्रत्येक माणूस एक तर यंत्राच्या आडोशानं जाईल, नाही तर तिकीट काढून जाईल. दोरीला लटकून कुणी जाणार नाही.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही. गाडीलाही वर्षं लागली. २०१३ ला मंजूर झालेली गाडी २०२५ ला पुरी धावली. त्यांना बारा वर्षं थांबता येतं, तर आपल्यालाही चिकाटी धरता येईल. फक्त त्यांच्यासारखं रोज काम करावं लागेल.

येत्या रविवारी सकाळी आठला शिवडी स्टेशनाच्या बाहेर जमायचं. येताना एकेक वही आणा आणि पेन आणा. घरं मोजायला सुरुवात करू.